पाच नंबरच्या घरातले अकरा अंश

मी एकतीस वर्षं गणित शिकवलं. कुणी माझ्यासमोर 'अंदाजे' म्हटलं की माझं डोकं फिरतं. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढे जे झालं ते माझ्या याच खोडीपायी झालं. दुसऱ्या कुणावर खापर फोडता येतंय का ते मी बघितलं, अगदी मनापासून बघितलं, पण तशी सोय नाही.

आमच्या वेदरक्लफ गावात चर्चच्या मागे आठ धर्मादाय घरं आहेत. साडेतीनशे वर्षांपूर्वी लोकरीचा एक व्यापारी मृत्युपत्रात लिहून गेला, गावातल्या गरजू आणि सज्जन म्हाताऱ्यांसाठी घरं बांधा म्हणून. मधे फरशीचा चौक, तीन बाजूंना घरं, चौथ्या बाजूला सभागृह. सभागृहात सकाळी बालवाडी भरते आणि बुधवारी म्हाताऱ्यांचं जेवण असतं. घरं गरम ठेवायचा खर्च संस्थेचा. चौकाच्या कोपऱ्यात गॅसचा एक बॉयलर आहे, तिथून जमिनीखालच्या नळांनी गरम पाणी सगळ्या घरांतल्या रेडिएटरांत फिरतं आणि कुठल्या घरानं किती उष्णता घेतली ते दाराशी लावलेल्या मीटरवर दिसतं. निवृत्त झाल्यावर मी, हिलरी बॅराक्लफ, तिथली विश्वस्त झाले. पहिल्याच आठवड्यात ती मीटरं बघून मला अगदी घबाड सापडल्यासारखं झालं. लावल्यापासून ती कुणी वाचलीच नव्हती.

मी वाचायला लागले. दर महिन्याच्या एक तारखेला, वही घेऊन, पाऊस असो की बर्फ. आणि वाचलेलं सभागृहातल्या फळ्यावर लावायला लागले, कारण वर्गात मी तेच करत आले होते. मग नोव्हेंबरातल्या संस्थापक दिनाला, चहा आणि फळांचा केक झाल्यावर, मला एक कल्पना सुचली. शाळेच्या अडगळीतून क्रीडादिनाचा एक जुना कप मी आणला, घासूनपुसून लख्ख केला, आणि वर्षभरात सगळ्यांत कमी उष्णता वापरणाऱ्या घराला तो द्यायचं ठरवलं. गंमत म्हणून. पहिला नंबर, दुसरा नंबर, असं करत आठव्यापर्यंत नावं मोठ्यानं वाचायची. लोक हसले, टाळ्या वाजल्या. मलाही माझं फार कौतुक वाटलं.

पाच नंबरची कॉनी सगडन लागोपाठ तीन वर्षं कप घेऊन गेली. कॉनी आमच्या शाळेत मुलांना जेवण वाढायची. सगळी पोरं मला 'मिस' म्हणायची म्हणून तीही मिस म्हणायची, ती अजूनही म्हणते. ती चौऱ्याऐंशीची, मी सत्तरची. ती मला मिस म्हणते आणि मी तिला सरळ कॉनी म्हणते, हे मला त्या जानेवारीपर्यंत कधी खटकलंच नव्हतं.

गेल्या ऑक्टोबरात बॉयलरनं मान टाकली. एकतीस वर्षांचा होता, म्हणजे माझ्या नोकरीएवढाच. ठोकूनठाकून तो पुन्हा चालू केला, पण दुरुस्तीवाला म्हणाला की पुढचा हिवाळा तो काही बघत नाही. तेव्हा विश्वस्तांनी मला काम दिलं की सगळे पर्याय शोध, तुलना कर आणि तक्ता मांड. मला द्यायला याहून गोड काम नव्हतं.

पर्याय तीन होते. एक, तसाच नवा गॅसचा बॉयलर बसवायचा. बसवायला स्वस्त, पण जमिनीखालचे नळ गळके, आणि दहा-बारा वर्षांनी पुन्हा हाच प्रश्न. दोन, घराघरात विजेचे हीटर, जे स्वस्त विजेच्या वेळात विटा तापवून ठेवतात आणि दिवसभर ऊब सोडतात. बसवायला सोपे, चालवायला महाग, आणि संध्याकाळपर्यंत ऊब संपलेली असते. तीन, प्रत्येक घरामागे एक हीट पंप. बाहेरच्या हवेतली उष्णता ओढून घेणारं, मोठ्या पेटीएवढं यंत्र. त्यासाठी सरकारी अनुदान मिळत होतं, फक्त अर्ज फेब्रुवारी संपायच्या आत जायला हवा होता. हीट पंपात एकच मेख आहे. तो पाणी कोमटच करतो, बॉयलरसारखं कढत नाही. म्हणून यंत्र घराच्या गरजेएवढं घ्यावं लागतं आणि रेडिएटर मोठे लावावे लागतात. यंत्र लहान पडलं तर कडाक्याच्या थंडीत ते रात्रंदिवस धापा टाकतं आणि घर काही तापत नाही. आणि एकदा बसवलं की वीस वर्षं तेच.

घरांची मापं घ्यायला ब्रॅडफर्डहून कलीम आला. चाळिशीचा, मितभाषी माणूस, बाप-लेक दोघंही याच धंद्यातले. दोन दिवस तो भिंती, खिडक्या, छप्पर मोजत फिरला. मग माझ्यासमोर बसून म्हणाला की या दगडी घरांना जेवढी उष्णता लागायला हवी तिच्या निम्मीसुद्धा तुमच्या मीटरवर दिसत नाही. मी म्हटलं, आमची माणसं काटकसरी आहेत. सहा वर्षांचे आकडे आहेत माझ्याकडे, महिन्या-महिन्याचे.

तो म्हणाला, "मॅडम, रागावू नका. आकडे खरे असतील. पण एवढ्या उष्णतेत ही घरं गरम राहूच शकत नाहीत."

मी रागावलेच. मला गणित शिकवतो म्हणजे काय? मी त्याला सांगितलं की दर महिन्याच्या पहिल्या मंगळवारी मी स्वतः त्या घरांत बसून चहा पिते आणि मला अंगातलं स्वेटर काढावं लागतं. हे अगदी खरं होतं. कॉनीच्या घरी तर मी दर वेळी म्हणायची, "बघा, एवढी ऊब आणि तरी सगळ्यांत कमी वापर. शिकावं तुमच्याकडून." कॉनी मान खाली घालून कप पुसत बसायची. मला वाटायचं, लाजतेय.

तक्ता मी माझ्या आकड्यांवर केला. माझ्या आकड्यांनी लहान यंत्रं सहज पुरत होती, रेडिएटर जुनेच चालत होते, आणि उरलेल्या पैशांत सभागृहाचं स्वयंपाकघर नवं होत होतं. डिसेंबरच्या बैठकीत मी तो वाचला. आमचा अध्यक्ष रॉडनी थ्वेट, निवृत्त वकील, म्हणाला की इतकं स्वच्छ काम त्यानं वर्षानुवर्षं पाहिलं नव्हतं. साती विश्वस्तांचे हात वर गेले.

कलीमनं एकच मागणं केलं. अर्ज जाण्याआधी दोन आठवडे घराघरात तापमान टिपणारी काडेपेटीएवढी खोकी ठेवू द्या. मी परवानगी दिली, ती त्याचे दात त्याच्याच घशात घालायला. घराघरात चिठ्ठी टाकली: 'या खोक्याला हात लावू नये. नेहमी वागता तसंच वागावं. निकाल विश्वस्तांना दाखवला जाईल. हि. बॅराक्लफ.' आता ती चिठ्ठी आठवली की मला स्वतःच्या कानशिलात मारावीशी वाटते. परीक्षेची सूचना होती ती. दुसरं काय वाटणार कुणाला?

जानेवारीत कलीमचा फोन आला. बहुतेक घरं तेरा-चौदा अंशांवर होती आणि पाच नंबरात अकरा. मी म्हटलं, पाच नंबरचं खोकं बिघडलंय. तो म्हणाला, असेल, बघून घ्या.

आमच्याकडे रीत अशी की विश्वस्त न सांगता कुणाच्या घरात जात नाही. आदल्या दिवशी चिठ्ठी टाकायची, वेळ कळवायची. त्यांचंही घर आहे, त्यांचा मान राखायचा. पण खोकं बघायला दोन मिनिटं लागणार, त्याला चिठ्ठी कसली? दुपारचे तीन वाजले होते. मी दार वाजवलं. बराच वेळ काही नाही. मग आत काहीतरी पडल्याचा आवाज आला आणि कॉनीनं दार उघडलं. अंगात बाहेर जायचा जाड कोट, डोक्यावर लोकरीची टोपी, पायांत एकावर एक मोज्यांच्या दोन जोड्या. मला वाटलं, बाहेर निघाली आहे. आत पाऊल टाकलं तर मागे पलंग दिसला. सगळी पांघरुणं उलटी पडलेली, मधे गरम पाण्याची रबरी पिशवी. ती भरदिवसा कोट घालून अंथरुणात होती. आणि ती बोलायला लागली तशी तिच्या तोंडातून वाफ निघाली. घरात.

ती माझ्याकडे न बघता आधी भिंतीकडे धावली. तिथे तापमान ठरवायची गोल चकती असते, ती तिनं फिरवली. बोटं इतकी ताठली होती की दोन हात लावावे लागले. आणि मला म्हणाली, "मिस, तुम्ही कळवलं असतं तर मी तापवून ठेवलं असतं. तुमच्यासाठी मी सकाळपासूनच लावते."

माझं स्वेटर, माझा पहिला मंगळवार, ती ऊब, सगळं माझ्यासाठी होतं. महिन्यातून एक सकाळ. ती माझी माफी मागत होती. चहा टाकते म्हणाली, बिस्किटं संपलीत म्हणून पुन्हा माफी मागितली. मी तिला हात धरून खाली बसवलं. हात कसला, बर्फ नुसता.

मी विचारलं, कधीपासून? तर म्हणाली, "मिस, तसं काही नाही. सवय होते." मी म्हटलं की कपासाठी एवढं? ती हसली. कपाचं तिला काही नव्हतं, तो पुसायचाही कंटाळा यायचा. मग हळूहळू बोलली. दोन नंबरचा सिरिल पहिल्या वर्षी आठवा आला होता. सगळ्यांसमोर त्याचं नाव शेवटी वाचलं होतं, मीच. तेव्हा मी एक विनोदही केला होता की सिरिलसाहेब घरात केळी पिकवतात वाटतं. आणि ईस्टरपर्यंत सिरिल गेला. एका सकाळी गाडी आली, सामान भरलं, घर रिकामं. कुणी काही सांगितलं नाही.

"आम्ही समजलो काय ते," कॉनी म्हणाली. "फुकटात राहतो, मिस. जास्त घेतलं तर ठेवणार कशाला कुणी?"

सिरिलला विसरायला व्हायला लागलं होतं. गॅस उघडा ठेवायचा, एकदा पायजम्यावर चौकात सापडला. त्याची मुलगी त्याला हल शहरात आपल्या घरी घेऊन गेली. आम्ही विश्वस्तांनी ठरवलं की याबद्दल कुणाशी बोलायचं नाही, बिचाऱ्याची लाज झाकायची. आमच्याकडे असंच करतात. आम्ही त्याची लाज झाकली, आणि त्या चौकात सात म्हातारी माणसं पाच हिवाळे कुडकुडत बसली. कारण त्यांना वाटलं, माझी यादी म्हणजे बाहेर काढायची यादी.

मी घरी गेले तेव्हा मला धड रडूही आलं नाही. आरशात बघवेना. सहा वर्षांच्या त्या वहीतला प्रत्येक आकडा बरोबर होता, हेच मला सहन होत नव्हतं. कॉनीचा अकरा अंशांचा हिवाळा मी मोजून, अधोरेखित करून, त्याच मापाचं यंत्र तिला वीस वर्षांसाठी घालायला निघाले होते. तिनं चकती कितीही फिरवली तरी घर तापलं नसतं. त्याच यंत्रात मी तिला कायमची कोंडणार होते.

दुसऱ्या दिवशी मी रॉडनीला फोन करून तातडीची बैठक बोलवायला लावली. तिथे उभी राहिले. मी सगळं सांगितलं. कप, यादी, सिरिलवरचा विनोद, पलंगावरची पिशवी. म्हटलं, माझा तक्ता रद्द करा. कलीमच्या मापाची यंत्रं घ्या, मोठे रेडिएटर घ्या, आणि स्वयंपाकघर राहू दे. सगळे आपापल्या चहाच्या कपात बघत होते. चिडले असते तर बरं झालं असतं. रॉडनी खाकरला आणि फार प्रेमानं म्हणाला की हिलरी, कुणाला कळणार होतं, आणि हा सगळा भाग आपण इतिवृत्तात न घेतलेला बरा.

मी म्हटलं, "घ्या. नावासकट घ्या."

ठराव झाला. अर्ज कलीमच्या आकड्यांवर, मुदतीआधी गेला. पण यंत्रं बसणार उन्हाळ्यात, आणि थंडी तर चालूच होती. म्हणून रविवारी मी सगळ्यांना सभागृहात बोलावलं. सिरिल कुठे आहे ते त्याच्या मुलीची परवानगी घेऊन सांगितलं. यादी फळ्यावरून काढली. म्हटलं, माझं चुकलं, यापुढे कुणी मोजणार नाही, घरं गरम ठेवा. सगळ्यांनी माना डोलावल्या. "बरं, मिस." तीन नंबरच्या आजोबांनी बिस्किटं छान आहेत म्हणून सांगितलं. एकीनं माझ्या दंडावर थोपटलं. मला वाटलं, झालं एकदाचं.

आठवड्यानं कलीमचा फोन आला. खोकी अजून घरांतच होती, त्यांचे आकडे त्याला ब्रॅडफर्डात बसून दिसायचे. तो म्हणाला, "मॅडम, कुणी वाढवलेलं नाही. एकानंही नाही."

या वेळीही मी चिठ्ठी टाकली नाही. कॉनीनं दार उघडलं, कोटातच होती. मी तिला विचारलं की तुम्ही माझ्यावर विश्वास का ठेवत नाही? प्रश्न तोंडातून गेला आणि माझीच मला लाज वाटली. कशाच्या जोरावर ठेवायचा? पण ती चिडली नाही. ती म्हणाली की तोंडी काय, विश्वस्त बदलतात. उद्या तुमच्या जागी दुसरं कुणी येईल.

"लिहून द्या," ती म्हणाली.

शाळेत जेवणाच्या रांगेत ढकलाढकली करणाऱ्या पोरांना ती याच आवाजात बोलायची. पाच वर्षांत मी तो ऐकला नव्हता. तिनं टेबलाच्या खणातून कागद काढला, पेन दिलं आणि सांगत गेली. मी लिहीत गेले. 'घर गरम ठेवलं म्हणून मिसेस सगडन यांना या घरातून कुणीही काढणार नाही.' खाली सही करायला लावली, तारीख घालायला लावली, विश्वस्त असं लिहायला लावलं. मग तिनं चष्मा लावून तो कागद दोनदा वाचला.

"आणि बाकीच्या सात जणांना?"

मी आणखी सात लिहिले. हात दुखायला लागला. ती शेजारी बसून प्रत्येकाचं नाव नीट सांगत होती आणि मला त्यातली दोन आडनावं माहीत नव्हती. सहा वर्षं मी त्यांना घराच्या नंबरानंच लिहीत आले होते. रॉडनीची सहीसुद्धा आणते म्हणाले, तर ती म्हणाली, आणा, असलेली बरी.

मग ती उठून भिंतीवरच्या चकतीपाशी गेली. बोट चकतीवर ठेवलं आणि थांबली.

"किती ठेवू?"

"तुम्हाला हवं तेवढं ठेवा."

"मला कसं कळणार? इतकी वर्षं झाली." आणि मागे न वळता तिनं विचारलं, "तुमच्या घरी किती असतं, मिस?"

खोटं बोलता आलं असतं. जिभेवर सोळा आलं होतं, सतरा आलं होतं.

"एकवीस," मी म्हटलं.

तिनं मान हलवली, हिशेब पटल्यासारखी. "पाहुणे येणार असले की?"

"नाही," मी म्हटलं. "रोजच."